तिसरीतल्या पोराची परीक्षा, पण नक्की कुणासाठी?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या पहिली ते नववीच्या शाळांना एकच वेळापत्रक आलं. परीक्षा ८ ते २५ एप्रिल, निकाल १ मे. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी पार गेलेला, गावी जायची तिकिटं काढलेली, घरोघरी लग्नं ठरलेली. आमच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. त्यात एका ताईंनी साधा प्रश्न टाकला, "अहो, पण तिसरीच्या पोराची ही परीक्षा आहे कुणासाठी?" त्यावर तीन-चार हसरे चेहरे पडले आणि विषय तिकिटांवर परत गेला.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. कारण तो दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात करावी लागते इंग्लंडपासून, कारण ही कल्पना तिथूनच बोटीत बसून आपल्याकडे आली. १८६२ साली तिथे रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आणले. सरकारचा शाळांवरचा खर्च वाढत चालला होता आणि पैसा सत्कारणी लागतोय की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लोसाहेबांनी हिशेब सोपा केला. सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग पणाला. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणित अशी परीक्षा घेणार. एका विषयात मूल नापास झालं की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले. 'निकालाप्रमाणे पैसे' म्हणतात ती पद्धत हीच.

पुढे काय झालं असेल, ते कुठल्याही मास्तरला विचारा, तो झोपेतसुद्धा सांगेल. जे तपासलं जातं तेवढंच शिकवायचं. इतिहास, भूगोल मागे पडले. वाचनाचं पुस्तक पोरांकडून अख्खं पाठ करून घेतलं जाऊ लागलं. मॅथ्यू अर्नोल्ड हा इंग्रजीतला मोठा कवी पोटापाण्यासाठी शाळा-तपासनीस होता. त्यानं वर्षानुवर्षं अहवालांतून सांगितलं की ही पोरं पास होतात, पण वाचायला शिकत नाहीत. ऐकायला सरकारला तीसेक वर्षं लागली. १८९० च्या दशकात ती पद्धत इंग्लंडमधून पुरती गेली.

तोवर ती आपल्याकडे रुजली होती. मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान देताना निकाल मोजायची रीत १८६० च्या दशकातच सुरू झाली. इन्स्पेक्टर आणि त्यांचे डेप्युटी गावोगाव फिरत. जुन्या माणसांच्या तोंडी ते 'दिपोटी' झाले. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, हुशार पोरं पुढच्या रांगेत यायची. त्या दिवशी खरी परीक्षा मास्तरची असायची आणि घाम पोराला फुटायचा.

१८८२ साली हंटर कमिशन आलं आणि त्यासमोर महात्मा फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. ते खरंच वाचण्यासारखं आहे. शेतकऱ्यांच्या करावर सरकार चालतं आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यातला मुख्य मुद्दा बहुतेकांना माहीत असतो. पण प्राथमिक शाळेबद्दल ते फार बारकाईनं बोलतात. मास्तरला महिन्याला किमान बारा रुपये तरी मिळावेत. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावी, हिशेब यावा, शिवाय थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं ज्ञान, आरोग्याचे चार धडे. आणि हो, जे मास्तर जास्त मुलं पास करतील त्यांना उत्तेजन म्हणून काही जादा भत्ताही द्यावा, असं ते सुचवतात.

म्हणजे फुल्यांचा निकालाला विरोध होता असं कुणी म्हणू नये. पण भत्ता पगाराशिवाय, वरून. लोसाहेबांच्या गणितात मात्र निकालातून कपात होती. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण कपातीच्या धाकात असलेला मास्तर कच्च्या पोराकडे ओझं म्हणूनच बघणार. आणि कच्ची पोरं कुणाच्या घरची असायची, हे वेगळं सांगायला नको.

१९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झनच्या सरकारनं ही निकालावर अनुदान द्यायची पद्धत मोडीत काढली.

आता कुणी म्हणेल, आमचे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल पास होते, त्यांचं काय वाईट झालं? काहीच नाही! सातवीची ती परीक्षा पास झाली की मास्तरकी, कारकुनी अशी दारं उघडायची. फायदा थेट मुलाचा होता. स्कॉलरशिपचंही तसंच. १९५४-५५ पासून ही परीक्षा आहे आणि ज्याला बसायचं तो बसतो. कोल्हापूरकडच्या जिल्हा परिषद शाळांनी तर जादा तास घेऊन पोरं गुणवत्ता यादीत आणायची परंपराच केली. पुढे चौथी-सातवीची परीक्षा पाचवी-आठवीला नेली, तेव्हा चौथीपर्यंतच असलेल्या गावच्या शाळांनी सगळ्यात जास्त ओरड केली. ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तेव्हा पालक परीक्षेलाच घाबरतात, हा आरोप मला पटत नाही. गाईडं विकत घेऊन रात्री दहापर्यंत पोरांना बसवणारे आपणच आहोत (आणि त्यावर एक वेगळी पोस्ट होईल).

चिडचीड आहे ती दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेची, जी व्यवस्थेला स्वतःची माहिती हवी म्हणून होते आणि पोराला सक्तीची असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नोंदवह्या भरल्या गेल्या आणि पाचवीतल्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही, हे आईबापांना कळलंच नाही. तो रागही खरा होता. मग लंबक उलटा फिरला. २०१५ पासून पायाभूत चाचण्या, नंतर वर्षाला तीन चाचण्या, २०१९ ची कायदादुरुस्ती आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा. चाचणीचे गुण मास्तर रात्री बसून ऑनलाइन भरतात. आमच्याकडे तपासलेला पेपर मात्र एकदाही घरी आला नाही. पोरगं कुठे चुकलं, हे आम्हाला कोण सांगणार?

अमेरिकेनंही २००२ च्या कायद्यानं तिसरी ते आठवी दरवर्षी चाचणी सक्तीची केली. २०११ च्या चौकशीत अटलांटातल्या ४४ शाळांमधले १७८ मास्तर-मुख्याध्यापक गुण फुगवण्यात गुंतल्याचं निघालं. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जवळजवळ पाचातल्या एका मुलानं पेपर दिलाच नाही. पालकांनीच बसू दिलं नाही. अर्नोल्ड असता तर त्याला नवल वाटलं नसतं.

बरं, मग शाळा तपासायच्याच नाहीत का? तपासा की. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' पाहणी करते. निवडक गावं, निवडक घरं, मुलासमोर दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा. काही मिनिटांत काम होतं. कुणाला गुणपत्रक नाही, कुणाची सुट्टी जात नाही, आणि देशातली मुलं किती वाचू शकतात हे कळतं. भाताचं एक शीत दाबून बघायला आपल्या आया पूर्वापार शिकलेल्या आहेत, अख्खा हंडा कुणी उपसत नाही.

एक कामाची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. म्हणजे आपण. पुढच्या बैठकीत आम्ही तिघे-चौघे दोन गोष्टी लेखी मागणार आहोत: तपासलेले पेपर घरी पाठवा, आणि मागच्या चाचणीत कच्च्या निघालेल्या मुलांसाठी वर्गात काय केलं ते सांगा. अर्जाचा मसुदा तयार आहे, हवा असेल त्यांनी सांगा. आणि कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं व्हर्नाक्युलर फायनलचं सर्टिफिकेट जपून ठेवलेलं असेल तर फोटो जरूर टाका, साल आणि गाव लिहून.