प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस : साडेतीनशे वर्षांचं कोडं आणि खडूची एक रेघ

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि सेनापती आठवतात. आज मी मुठीत मावेल अशा एका लोखंडी तुकड्याचा इतिहास सांगणार आहे. गॅरेजमध्ये त्याला ‘क्रॉस’ म्हणतात, पुस्तकात युनिव्हर्सल जॉइंट.

एखाद्या पिकअपखाली वाकून पाहा. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत एक लांब पोकळ दांडा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, एक्सल मात्र पाट्यांवर सतत वरखाली होतो. दोघांमधला कोन क्षणोक्षणी बदलतो, तरी फिरणं थांबून चालत नाही. ते काम क्रॉस करतो. अधिकच्या चिन्हासारखी त्याची चार टोकं. दोन एका योकमध्ये, दोन समोरच्या योकमध्ये.

फ्रेंच आणि जर्मन लोक याला आजही ‘कार्डान’ म्हणतात, सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्डानो या इटालियन विद्वानावरून. पण त्याचं नाव जोडलं गेलं ते मुळात जहाजावरचं होकायंत्र सपाट ठेवणाऱ्या एकात एक कड्यांशी, आणि ती कडी त्याच्याही आधीची. फिरणाऱ्या दांड्याची ताकद तिरक्या दिशेने पुढे नेणं हे वेगळंच काम. १६६४ मध्ये गास्पर शॉट या जर्मन पाद्र्याने असा सांधा ग्रंथात दाखवला. या सांध्यातून गती जशीच्या तशी पलीकडे जाते, असा त्याचा समज होता.

तो समज चुकीचा आहे हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं. सांधा तिरका असेल तर पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्ही बाजूंना जेमतेम दीड टक्का असतो. ३० अंशांना तो १३ ते १५ टक्क्यांवर जातो. १६८३ मध्ये हूकने त्यावर उपाय सुचवला. मधल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सांधा लावायचा. पहिल्याने बिघडवलेली गती दुसरा सावरतो. अट एवढीच की मधल्या दांड्याचे दोन्ही योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. दोष काढता आला नाही, तेव्हा त्याच्यासमोर तसाच दोष उभा करून हिशेब मिटवला.

मोटारी आल्या तेव्हा अनेक गाड्यांची चाकं सायकलसारखी साखळीने फिरत. धूळ, चिखल आणि खडखडाट. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने बंदिस्त, वंगण टिकवणारा सांधा तयार केला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे एक्सल आणि ट्रान्सफर केसही स्पायसरचेच.

त्या जीपची एक गोष्ट डोंगरात गाडी चालवणाऱ्याने विसरू नये. तिचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर लागायचा. उतारावर मागचा क्रॉस तुटला की हँडब्रेक रिकामा दांडा धरून बसणार आणि मागची चाकं मोकळी. आजच्या बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. पण शाफ्ट तुटला की इंजिनाचा रेटा आजही जातो. कांद्याच्या गोण्या भरून घाट उतरणाऱ्याला मग फक्त पायाचा ब्रेक उरतो. शाफ्टचं पुढचं टोक तुटून रस्त्यात रुतलं तर त्याहून वाईट.

क्रॉस बोलल्याशिवाय जात नाही. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो. हळू चालवताना चाकाच्या लयीत चीं-चीं ऐकू येते, म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडल्या. कपाच्या कडेला गंजाची तांबडी भुकटी दिसते. खात्री करायची तर गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दोन्हीकडून ओट लावा, इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रल करा. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने योक धरून उलटसुलट पिळा, वरखाली हलवा. पिळताना डिफरन्शियलची थोडी सैलही जाणवते, ती वेगळी. टोक आणि कप यांच्यात हालचाल दिसली तर क्रॉस गेला.

बदलताना पहिलं काम पान्ह्याचं नाही, खडूचं. फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनवर दोन्ही बाजूंना जुळणारी रेघ ओढा. लॉक काढा, वाइसमध्ये दाबून कप बाहेर घ्या. योकवर घण घालू नका, तो वाकतो. नवा कप बसवताना सुया ग्रीसने जागेवर चिकटवा. एक जरी आडवी पडली तरी लॉक खाचेत बसत नाही. जोर न लावता कप पुन्हा काढून बघा. शेवटी चारही सीलमधून डोकावेपर्यंत ग्रीस भरा.

‘नवा क्रॉस टाकला तरी गाडी थरथरते’ ही तक्रार मी सैन्यात ऐकली आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या गॅरेजातही ऐकतो. पुष्कळदा क्रॉस चांगला असतो. रेघ न ओढल्याने शाफ्ट स्प्लाइनवर एखाद-दोन दाते फिरवून बसलेला असतो. दोन योक एका रेषेत राहिले नाहीत आणि हूकने मिटवलेला हिशेब पुन्हा उघडला. मग गरीब मालकाला आणखी एक क्रॉस विकला जातो.

आमच्या एमटीतल्या जुन्या हवालदारांनी हूकचं नाव ऐकलं नव्हतं. पण रेघ ओढल्याशिवाय ते नटाला हात लावू देत नसत. ‘का’ हे ठाऊक नसताना नियम एका पिढीपुरता टिकतो. पुढच्या पिढीतला घाईतला पोरगा तो सोडून देतो. म्हणून तुमच्या मेकॅनिकला रेघ ओढायला सांगाच, आणि ती का ओढायची हेही सांगा.