शातो गायार

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील भग्न मध्ययुगीन किल्ला. सेन नदीच्या वळणावरील चुनखडीच्या कड्यावर, लेझांदली गावाच्या डोक्यावर तो उभा आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने रूआं शहराच्या रक्षणासाठी तो ११९६–९८ मध्ये, त्या काळाच्या मानाने विलक्षण वेगाने बांधून घेतला. बालेकिल्ल्याच्या तटाला बाहेरून ओळीने अर्धगोल फुगवटे आहेत.

फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने १२०३ मध्ये वेढा घातला. आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना शिबंदीने धान्य वाचवण्यासाठी बाहेर काढले. दोन्ही फौजांच्या मध्ये अडकून त्यांतील अनेक जण उपासमारीने मेले. बांधकामाच्या कौतुकात वेढ्याची ही बाजू सहसा मागे पडते. मधल्या कोटात फ्रेंच सैनिक प्रार्थनागृहाच्या खिडकीतून शिरले की शौचकूपाच्या वाटेने, यावर मतभेद आहेत. दुसरी कथा अर्थातच अधिक लोकप्रिय. मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला, पाठोपाठ रूआंही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या हुकमाने पाडकाम सुरू झाले. पाहणाऱ्याने आग्नेयेकडून, त्रिकोणी बाहेरकोटापासून सुरुवात करावी: डोंगराला जोडलेली बाजू तेवढी एकच असल्याने हल्लाही तिकडूनच झाला होता.