मंगलाचरणापासून पहिल्या वाक्यापर्यंत

'पहिल्या वाक्यातच वाचकाला बांधून ठेवले पाहिजे,' हा उपदेश आज प्रत्येक नवोदित लेखकाला ऐकावा लागतो. वाचनालयाच्या कपाटाशी उभा राहून पहिले पान चाळणारा वाचक पाच-सहा ओळींत आपला निर्णय घेतो आणि लेखकाच्या वर्ष-दोन वर्षांच्या श्रमांचे भवितव्य तेथल्या तेथे ठरते. तेव्हा हा उपदेश निराधार आहे असे म्हणता येत नाही. परंतु मराठी ग्रंथाच्या आरंभाला एवढे ओझे नेहमीच वाहावे लागत होते काय? आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर एक मनोवेधक प्रवास दिसतो. वाचनालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात त्या प्रवासाचा थोडक्यात मागोवा घेणे अनाठायी ठरू नये.

संस्कृत साहित्यशास्त्राने ग्रंथारंभाचा विचार फार पूर्वीच केला होता. आशीर्वाद, नमस्कार किंवा कथावस्तूचा निर्देश यांपैकी एकाने महाकाव्याचा आरंभ व्हावा, असे दंडीने 'काव्यादर्शा'त सांगितले आहे. शास्त्रग्रंथांसाठी 'अनुबंधचतुष्टय' हा संकेत रूढ होता. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, तो वाचण्याचा अधिकारी कोण आणि ग्रंथाचा विषयाशी संबंध कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे आरंभीच मिळावीत अशी अपेक्षा असे. यात वाचकाला भुरळ घालण्याचा हेतू नव्हता. आत काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हे दाराशीच सांगून टाकण्याचा तो सरळ व्यवहार होता.

या संकेतात राहूनही प्रतिभावंत काय करू शकतो, हे 'ज्ञानेश्वरी'ने १२९० मध्ये दाखविले. आरंभीचे नमन परंपरेतलेच. पण त्यातील गणेश हा अवघ्या वाङ्मयाचाच देह आहे. वेद, स्मृती, पुराणे हे त्याचे अवयव व अलंकार आणि षड्दर्शने हे त्याचे सहा हात. मंगलाचरण करता करता ज्ञानदेव श्रोत्याला सुचवितात की पुढे जे येणार आहे ते केवळ टीकाग्रंथाचे निरूपण नसून शब्दाचाच उत्सव आहे. नवव्या अध्यायाच्या प्रारंभी तर ते श्रोत्यांकडे उघडपणे अवधान मागतात. ते दिलेत तर सर्व सुखाला पात्र व्हाल, अशी प्रतिज्ञा करतात आणि लगेच नम्र होऊन, हे आपण प्रौढीने बोलत नाही, असेही सांगतात. श्रोत्याचे लक्ष मागून घ्यावे लागते आणि मागणाऱ्याने त्या बदल्यात काही देण्याचे वचन द्यावे लागते, ही जाणीव मराठीत इतकी जुनी आहे.

लोकपरंपरेतील आरंभ निराळे होते. व्रताची कहाणी ज्या देवतेची, तिलाच 'ऐका' असे म्हणून सुरू होते. माजघरात बसलेल्या लेकी-सुना जणू देवाच्या पंक्तीला बसून ती ऐकतात. मागोमाग येणारे 'आटपाट नगर' नकाशावर कोठेच नसते, आणि म्हणूनच ते प्रत्येकीच्या गावाजवळ असते. बखरींचा आरंभ याहून व्यवहारी. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेली शिवछत्रपतींची बखर राजाराम महाराजांच्या पृच्छेपासून सुरू होते. कोणी विचारले आणि कोण सांगतो आहे, हे प्रथम सांगून मग हकिकतीला हात घातला जातो.

या सर्व आरंभांत एक गोष्ट समान आहे. ऐकणारा आधीच येऊन बसलेला आहे. कीर्तनाला आलेला मनुष्य नमन लांबले म्हणून उठून जात नाही. वक्त्याला त्याला आत बोलवावयाचे नसते, स्थिर करावयाचे असते. नमनाचे घडाभर तेल खपले तरी चालत असे, याचे कारण हेच.

मुद्रणाने ही बैठक मोडली. छापील पुस्तक कोणाच्या हाती पडेल आणि तो ते केव्हा मिटून ठेवील, हे लेखकाला कळेनासे झाले. या स्थित्यंतरात आपल्या बेळगाव भागातील तीन व्यक्तींचा वाटा आहे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणल्या जाणाऱ्या या पुस्तकाला 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे जोडनाव आहे. रूप नवे, परंतु विषय व प्रयोजन दाराशीच सांगण्याची रीत जुन्या शास्त्रग्रंथांची. अनोळखी वाचकाला कथेच्या बळावर आत घेण्याचा आत्मविश्वास अजून पुरता आलेला नव्हता.

जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे पहिले संपादक. त्यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ सालची, आणि ती त्याच मासिकातून वाचकांपुढे आली. नियतकालिकातून कादंबरी येऊ लागली, तेव्हा आरंभाचा प्रश्न एका पानापुरता राहिला नाही. प्रत्येक हप्त्याला स्वतःचा आरंभ आला आणि मागच्या अंकानंतर विसावलेल्या वाचकाला पुन्हा जागे करणे आले. हरिभाऊ आपट्यांनी हे कौशल्य हस्तगत केले. १८९० साली निघालेल्या 'करमणुकी'तून क्रमशः आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत निवेदक नाहीसा झाला आणि यमुना स्वतःच आपली हकिकत सांगू लागली. पदमनजींच्या नायिकेचे नावही यमुनाच. पण तेथे विधवांच्या स्थितीचे निरूपण होते, येथे एक बाई बोलू लागली. तेहतीस-चौतीस वर्षांत मराठी कादंबरीने केलेली वाटचाल या एका फरकात सामावली आहे.

तिसरे नाव गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे. त्यांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यांनी रचलेली नांदी आजही संगीत नाटकाच्या आरंभी आदराने गायिली जाते. मूळ कालिदासाच्या प्रस्तावनेची योजना पाहण्यासारखी आहे. नटीच्या गाण्याने सूत्रधार इतका रंगून जातो की कोणते नाटक करावयाचे तेच विसरतो. भानावर येताच तो म्हणतो, वेगवान हरिणाने दुष्यंताला ओढून न्यावे तसे तुझ्या गाण्याने मला ओढून नेले. आणि त्या उपमेतूनच राजाचा रथ रंगमंचावर येतो. विस्मरण हे या नाटकाचे बीज. ते पहिल्याच क्षणी, हसत-खेळत पेरले जाते. आरंभाने प्रेक्षकाला केवळ पकडावयाचे नसते, पुढील सर्व कथेची त्याच्या मनात तयारी करावयाची असते, याचा याहून सुंदर दाखला सापडणे कठीण. पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे वास्तववादी वळणाचे नाटक आणले. तेव्हापासून सूत्रधाराची मध्यस्थी क्रमाक्रमाने मागे पडली आणि पडदा उघडताच प्रेक्षक एकदम कोणाच्या तरी घरात जाऊन बसू लागला.

वृत्तपत्राने आरंभाला धार दिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत 'निबंधमाला' सुरू केली, ती मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरील निबंधाने. लोकमान्य टिळकांनी जुलै १८९७ मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख लिहिला, तेव्हा मथळ्यानेच निम्मे काम केले होते. मात्र मथळ्यातील प्रश्नामागे तो पेलण्याची तयारी आणि त्याची किंमत मोजण्याची सिद्धता होती. केवळ लक्ष वेधण्यासाठी विचारलेला तो प्रश्न नव्हता.

विसाव्या शतकात लघुकथा आली आणि आरंभाचे रीतसर शास्त्र झाले. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने लेखनतंत्राची चर्चा घरोघर नेली. आकर्षक प्रारंभ, मग गुंतागुंत आणि अखेर उकल, ही चौकट दोन पिढ्यांच्या लेखकांना पाठ झाली. तंत्राने अनेकांना लिहिते केले हे खरेच. पण साच्यातून आलेले आरंभ एकमेकांसारखे दिसू लागले, हेही तितकेच खरे. नवकथेने ही चौकट सैल केली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) आरंभी एक तरुण मास्तर धनगरवस्तीच्या वाटेने एकटा चालत असतो, एवढेच. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३) निवेदक फक्त आपले नाव व वय सांगतो. यात कसलीही चमत्कृती नाही. पण त्या साध्या बोलण्याचा सूरच असा आहे की पान मिटवत नाही.

या बदलात ग्रंथालयांचाही हात आहे. पूर्वी अनेक ठिकाणी यादीत पाहून नाव सांगावयाचे आणि लेखनिकाने आतून पुस्तक आणून द्यावयाचे, अशी रीत होती. सयाजीराव महाराज गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत आली. वाचक व पुस्तक यांच्यामधला मध्यस्थ दूर झाला आणि पहिले पान स्वतःच आपली ओळख करून देऊ लागले.

आज वाचकाचे लक्ष वेधणारी साधने असंख्य झाली आहेत आणि त्यांच्याशी स्पर्धा करताना लेखकाचा आवाज चढू लागला आहे. पहिल्याच वाक्यात खून, पहिल्याच वाक्यात धक्का; आणि दहाव्या पानावर निराशा. अशा वेळी अनुबंधचतुष्टयाची आठवण ठेवणे हितावह ठरेल. आरंभ हे वाचकाकडून घेतलेले ऋण आहे. त्याने आपला वेळ दिला, त्याची फेड शेवटच्या पानापर्यंत व्हावी लागते. ज्ञानदेवांनी अवधान मागितले आणि नऊ हजार ओव्यांनी ते फेडले. आरंभाची परीक्षा पहिल्या ओळीवर होत नाही, ती पुस्तक वाचून परत करणाऱ्या वाचकाच्या चेहऱ्यावर होते. आणि तो चेहरा पाहण्याचे भाग्य शंभर वर्षे या वाचनालयाला लाभले आहे.