बलार्ध, दमसास आणि हृदयगती : श्रममापनाच्या इतिहासाचा एक धागा

फुटबॉलच्या सरावात खेळाडूच्या छातीला पट्टा बांधून त्याच्या हृदयाचे ठोके मोजावयाचे आणि त्यांवरून श्रमाची तीव्रता ठरवावयाची, ही पद्धती आज रूढ झाली आहे. साधन नवे असले, तरी त्यामागील प्रश्न प्राचीन आहे : श्रम पुरेसा झाला हे ओळखावे कशावरून? या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत मिळालेली उत्तरे आपल्या शब्दसंग्रहातही साठलेली आहेत. त्यांचा अल्पसा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेत व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’ अशी सांगितली आहे. प्रत्येकाने आपल्या बळाच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा, आणि हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला म्हणजे ते निम्मे बळ खर्ची पडले असे समजावे. वाग्भटाने तीस ऋतूची जोड दिली. थंडीत व वसंतात अर्धशक्तीने आणि अन्य ऋतूंत त्याहून बेताने व्यायाम करावा, असे तो म्हणतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. माप बाह्य नाही. ते ज्याच्या त्याच्या शक्तीच्या प्रमाणात आहे. आणि त्याची खूण श्वास आहे, नाडी नाही. नाडीपरीक्षा पुढे शार्ङ्गधरसंहितेत आली; पण तेथेही नाडीची तुलना सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीशी केली जाते. म्हणजे ‘गती’ या शब्दाचा तेथील अर्थ चाल असा आहे, मिनिटागणिक संख्या असा नव्हे.

मराठीत फारसी-अरबी शब्द आले, तेव्हा आखाड्याची परिभाषाही बदलली. ‘तालीम’ म्हणजे मूळ अर्थाने शिक्षण. ‘कसरत’ म्हणजे विपुलता. जोर किती, बैठका किती, या आवर्तनांच्या मोजणीवरच पहिलवानाची तयारी जोखली जाई, हे पाहता ‘विपुलता’ या शब्दाला मराठीत व्यायामाचा अर्थ लाभावा यात नवल नाही. दुसरीकडे ‘दम’ या फारसी शब्दाने श्वासाचे जुने माप टिकवून धरले. ‘दमसास’ हा तर फारसी ‘दम’ आणि संस्कृतोद्भव ‘सास’ यांचा जोडशब्द. हुतुतूत चढाई करणाऱ्याचा दम तुटला की चढाई संपली. श्वास हेच तेथे घड्याळ होते. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारखी तालीम मंडळे फुटबॉलचे संघ उतरवितात. मातीतला शब्द मैदानावर गेल्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नाडीला संख्येचे रूप मिळाले ते युरोपात. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ मध्ये नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यायामाच्या क्षेत्रात निर्णायक पाऊल पडले ते १९५७ मध्ये. फिनलंडमधील कार्वोनेन व त्यांचे सहकारी यांनी विश्रांतीतील व कमाल हृदयगती यांमधील अंतर हे श्रमाचे माप धरले. खेळाडूची कमाल गती २०० व विश्रांतीतील गती ६० असेल, तर अंतर १४०. त्याचे ७० टक्के म्हणजे ९८, आणि त्यात ६० मिळविता लक्ष्यगती १५८ येते. १९७१ मध्ये ‘२२० वजा वय’ हे सूत्र प्रचारात आले. ते सोयीचे खरे. पण व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. १९८२ मध्ये फिनलंडच्याच पोलार कंपनीने बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणला आणि ही मोजणी प्रयोगशाळेतून मैदानावर आली.

फुटबॉलपुरते पाहता, हेल्गेरूड व सहकाऱ्यांचा २००१ चा नॉर्वेमधील प्रयोग महत्त्वाचा आहे. कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार धावा, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे करविल्यावर तरुण खेळाडूंनी सामन्यात धावलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले. मात्र क्षणिक झेपेत हृदय मागे राहते. झेप संपते, तेव्हा कोठे ठोके चढतात. स्वीडनच्या बोर्ग यांनी श्रम करणाऱ्यालाच आपला श्रम ६ ते २० या अंकांत सांगावयास लावले. त्या अंकाची दहापट म्हणजे स्थूलमानाने हृदयगती, अशी त्याची रचना आहे.

येथे वर्तुळ पुरे होते. कार्वोनेन यांचे माप हे, बलार्धाप्रमाणेच, ज्याच्या त्याच्या शक्तीशी सापेक्ष आहे. बोर्ग यांचे माप खेळाडूच्या स्वतःच्या जाणिवेवर उभे आहे. तथापि बलार्ध हे आरोग्याचे माप आहे व लक्ष्यगती हे स्पर्धेचे. दोन्ही एकच मानणे अनैतिहासिक ठरेल.

हा विचार केवळ ग्रंथगत नाही. रत्नागिरीसारख्या किनारपट्टीच्या गावी वैशाखात घाम येतो, पण वाळत नाही. शरीर निववण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाने धावणाऱ्या मुलाचे ठोके अधिक पडतात. अशा वेळी शिक्षकाने ठरीव वेगाचाच आग्रह धरला, तर मुलावर भलताच भार पडेल. आणि केवळ वयावरून काढलेल्या अंकावर भिस्त ठेवली, तरी चूक संभवते. अंक पाहावा, ऋतू पाहावा आणि मुलाला दोन शब्द बोलावयास लावून त्याचा दम कुठवर आला आहे तेही पाहावे. या तिन्ही खुणा आपल्या परंपरेत व आधुनिक शास्त्रात मिळून उपलब्ध आहेत. त्यांतील एकीसाठी दुसरी टाकून देण्याचे कारण नाही.