थंडीत कडक होणारा ब्रेक: पायाला मिळालेल्या मदतीचा इतिहास

ब्रेकचे पेडल थंडीत कडक होण्याचे प्रकार दोन. एकात पेडल जेमतेम इंचभर दबते, पुढे कितीही जोर लावला तरी सरकत नाही आणि गाडी थांबायला भलताच वेळ घेते. दुसऱ्यात ते दबते, पण जडपणे, आणि पाय काढल्यावर सावकाश वर येते. हे दोष वेगवेगळ्या काळातल्या यंत्ररचनांतून आलेले आहेत. चालकाच्या पायातले बळ चाकापर्यंत न्यायचे कसे आणि ते अपुरे पडले तर उरलेले आणायचे कुठून, हे प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा सोडवले गेले. प्रत्येक उत्तराबरोबर थंडीला शिरायला एक नवी जागा मिळाली.

शतकाच्या आरंभी ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जात, तेही बहुधा फक्त मागच्या चाकांचे. थंडीत सांध्यांमधले ग्रीस घट्ट होई आणि तारेच्या वेष्टणात शिरलेले पाणी गोठे. ही रचना पायाच्या ब्रेकमधून कधीच गेली. तारेवर चालणाऱ्या हँडब्रेकमध्ये मात्र ती टिकली. बर्फाळ प्रदेशात रात्री गाडी उभी करताना अनेकजण हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवतात, ते याच कारणाने.

सळयांच्या जागी द्रव वापरण्याची कल्पना यशस्वी केली माल्कम लॉकहीड यांनी. भाऊ अ‍ॅलन यांच्याबरोबर विमाने बांधणारे माल्कम 1919 मध्ये विमानाचा धंदा सोडून ब्रेककडे वळले. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमामुळे चारही चाकांचे ब्रेक एकसारखे लागू शकत होते. 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीत असे ब्रेक आले. त्याच वर्षी ल मां इथली फ्रेंच ग्रां प्री शर्यत ड्यूसेनबर्गच्याच गाडीने जिंकली, तीही चारही चाकांना द्रवचलित ब्रेक लावून. 1924 च्या क्रायस्लरने ही सोय मध्यम किमतीच्या गाडीत आणली. लॉकहीड यांच्या मूळ रचनेतल्या चामड्याच्या वाट्या गळत; क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तिथे रबराच्या वाट्या बसवल्या. ही दुरुस्ती दिसायला किरकोळ आहे, पण तिच्याशिवाय हा ब्रेक सर्वसामान्य गाड्यांत टिकलाच नसता. फोर्डने मात्र सळया-तारांचा आग्रह 1939 च्या मॉडेलपर्यंत सोडला नाही.

रबर आल्याने द्रवाची निवड अवघड झाली. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, म्हणून वनस्पतीजन्य तेल हवे होते आणि ते एरंडेलाच्या रूपाने मिळाले. पण एरंडेल थंडीत दाट होते, म्हणून ते अल्कोहोलमध्ये मिसळून पातळ केले जाई. आणि अल्कोहोल लवकर उकळते. थंडीत सुरळीत चालणारा द्रव लांब उतारावर तापून वाफेचे बुडबुडे धरी आणि पेडल पोकळ होई. या कोंडीतून वाट काढली ग्लायकॉल वर्गातल्या द्रवांनी. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो आजचा द्रव तेल नाहीच. डॉट 4 दर्जाचा कोरा द्रव 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही आणि उणे 40 अंशांतही वाहता राहावा, अशी मानकाची अट आहे. त्याची उणीव एकच: तो हवेतली ओल शोषतो. जुन्या, ओल धरलेल्या द्रवाचा उकळबिंदू उतरतो आणि थंडीतला दाटपणा वाढतो. सावकाश वर येणाऱ्या पेडलमागे असा शिळा द्रव असू शकतो.

तरीही पेडल खरोखर दगड व्हावे इतकी ताकद द्रवाच्या दाटपणात नाही. तो दोष व्हॅक्यूम बूस्टरचा. गाड्या जड आणि वेगवान होत गेल्या तसा पाय अपुरा पडू लागला. बेल्जियमचे अभियंते आल्बेर द्वांद्र यांनी मदतीचा स्रोत इंजिनातच शोधला. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो तेव्हा सिलिंडर हवा ओढू पाहतात आणि आतल्या मार्गात मोठी निर्वातता तयार होते. ती फुकट जात होती. द्वांद्र यांच्या रचनेवर आधारलेला ब्रेक बॉश कंपनीने 1927 मध्ये बाजारात आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पिअर्स-अ‍ॅरो मोटारीत व्हॅक्यूमची मदत आली.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, मधोमध रबराचा पडदा. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वातता असते. पेडल दाबले की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पडद्याचा व्यास 25 सेंटीमीटर आणि दाबातला फरक चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.65 किलो धरला, तर ही हवा 300 किलोंहून अधिक जोर लावते. ड्रम ब्रेकच्या काळात ही चैन होती, कारण फिरणारा ड्रम ब्रेक शूला स्वतःच आत ओढून घेतो. डिस्क ब्रेक असे करत नाही. 1953 मध्ये जॅग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली आणि पुढे डिस्क घरगुती गाड्यांत उतरली, तेव्हा बूस्टर जवळजवळ अपरिहार्य झाला. मदत गेली तर काय होते, हे अमेरिकेच्या 135 क्रमांकाच्या सुरक्षा मानकातून दिसते: ताशी 100 किलोमीटर वेगातून गाडी एरवी 70 मीटरांत थांबली पाहिजे, बूस्टर बंद असताना 168 मीटर चालतात.

थंडी या मदतीची वाट तीन ठिकाणी अडवते. पहिले ठिकाण इंजिन आणि बूस्टर यांच्यामधली नळी व तिच्यातली एकाच दिशेने हवा सोडणारी झडप. इंजिनातल्या वायूंबरोबर आलेली वाफ इथे साचते. आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ओल सुकत नाही आणि रात्री तिचा बर्फ होतो. दुसरे, पडद्याचे जुने रबर ताठरते व भेगांतून हवा आत घेते. तिसरे कारण नव्या गाड्यांचे: धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून थंड इंजिनाचा थ्रॉटल काही काळ जास्त उघडा ठेवला जातो आणि तेवढा वेळ निर्वातता कमी पडते. लेहसारख्या ठिकाणी उंचीची भर पडते. 3,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणून शाबूत बूस्टरही तिथे कमी जोर लावतो.

दोष शोधण्याची कसोटी जुनी आणि बिनखर्चाची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, म्हणजे साठलेली निर्वातता संपते आणि पेडल कडक होते. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू करायचे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टरला मदत पोहोचते आहे. जागचे हलले नाही तर नळी, झडप, पडदा या क्रमाने पाहायचे. पेडल दाबताना ऐकू येणारी अखंड फुसफुस फाटलेल्या पडद्याकडे बोट दाखवते. ही कसोटी गाडी रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर, जागेवरच घ्यावी लागते. उबदार गॅरेजपर्यंत नेईतो बर्फ वितळतो, पेडल मऊ होते आणि दोष नाहीच असे ठरून गाडी परत येते.

महाराष्ट्रात नळी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. इथल्या डिझेल गाडीत पेडल कडक झाले तर आधी व्हॅक्यूम पंप तपासावा लागतो. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलच नसल्याने निर्वातता तयार करायला वेगळा पंप लागतो, आणि कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही. बॉशचा 2013 मध्ये उत्पादनात आलेला बूस्टर मोटर आणि गिअरच्या बळावर पेडलला जोर देतो, त्यामुळे गोठणारी नळी आणि झडप त्यात नाहीत. पेडलपासून चाकापर्यंतचा ग्लायकॉलचा द्रव मात्र तिथेही आहे आणि ठरलेल्या मुदतीत तो बदलावा लागतोच.