ख्रिस्तमंदिराचे सौंदर्य : जीर्णोद्धार की नूतनीकरण?

धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला की ख्रिस्तमंदिराच्या डागडुजीचा विषय निघतो. वर्गणी जमते, उत्साह दांडगा असतो. परंतु काम संपल्यावर पुष्कळदा जुनी लाकडी वेदी अडगळीत गेलेली आढळते आणि पूर्वजांनी श्रद्धेने घडविलेल्या मूर्तीवर तैलरंगाचे थर चढलेले दिसतात. हेतू चांगला असूनही मंदिराचे स्वत्व हरवते. म्हणून याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपण समजून घेऊ या.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान घोषित केले. त्याचे सातवे प्रकरण पवित्र कलेविषयी आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही. सर्व काळांतील व सर्व लोकांतील कलेला तिच्या घरात स्थान आहे. मात्र डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य हवे आणि मौल्यवान जुन्या वस्तू विकल्या वा गहाळ होऊ नयेत, असे परिषद बजावते.

१९८३ च्या धर्मसंहितेत हेच नियमरूपाने आले आहे. मंदिर बांधताना व दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा (कलम १२१६). भाविकांच्या वंदनासाठी ठेवलेल्या, प्राचीनत्व, कला वा भक्ती यांमुळे मोलाच्या ठरलेल्या प्रतिमांची डागडुजी धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून कधीही करू नये (कलम ११८९).

असा विचार न झाल्यास काय होते, हे जुन्या गोव्यातील बॉम जेजू बासिलिकेत दिसते. १६०५ साली पूर्ण झालेल्या या मंदिराचा बाहेरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. उघडा जांभा अनेकांना आकर्षक वाटला. परंतु हा सच्छिद्र दगड पावसाचे पाणी शोषतो व झिजतो. चुन्याचा गिलावा ही केवळ शोभा नव्हती. ते भिंतीचे संरक्षक वस्त्र होते.

तथापि सौंदर्य केवळ भिंतींत नसते. प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुले नसावीत आणि वाद्ये केवळ गायनाच्या साथीपुरती वाजवावीत, असे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचना सांगतात. आनंदाचा रविवार, महोत्सव व सण यांना अपवाद आहे. या संयमामुळेच पुनरुत्थानाच्या रात्रीची फुले व घंटानाद मनाला भिडतात. वर्षभर एकच रोषणाई व एकच गोंगाट असेल, तर सणाला वेगळे काय उरेल? पोप फ्रान्सिस यांनीही २०२२ सालच्या उपासनाविषयक पत्रात जागा, हालचाली, शब्द, वस्त्रे, गायन व मौन या सर्वांकडे लक्ष देण्यास सांगितले. मात्र केवळ बाह्य नीटनेटकेपणात समाधान मानू नये, असेही बजावले.

तेव्हा हातोडा उचलण्यापूर्वी आपण मंदिरातील प्रत्येक जुन्या वस्तूची छायाचित्रांसह नोंद करावी, जाणकारांना विचारावे व परवानगी घ्यावी. ज्यांनी हे घर उभारले त्यांची प्रार्थना त्या लाकडात व दगडात मुरलेली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे हे आपले कर्तव्य आहे.