जागरणाची बखर

इतिहासकार लढाया, तह आणि राज्याभिषेक यांच्या नोंदी इतक्या निष्ठेने ठेवतात, की आदल्या रात्री त्या राजाला झोप लागली होती का, हे विचारायचं राहूनच जातं. वास्तविक पुष्कळ राज्यं रणांगणाच्या आधी गादीवरच बुडालेली असतात. गादी म्हणजे सिंहासन नव्हे, कापसाची, झोपायची. वेळ साधारण रात्री अडीचची.

आपल्याकडे या रोगाची एक सविस्तर केस महाभारतात नोंदलेली आहे. उद्योगपर्वात तिच्यासाठी 'प्रजागर' नावाचं स्वतंत्र उपपर्वच आहे. संजय पांडवांकडून परत येतो, रात्रीच धृतराष्ट्राला भेटतो, चार खडे बोल सुनावतो, आणि रथाच्या प्रवासाने थकलोय, निरोप उद्या सभेत सांगेन म्हणून झोपायला निघून जातो. झालं! सगळी वाईट बातमी ज्याच्या पोटात, तो बिछान्यात; आणि ज्याला त्यातलं अक्षर ठाऊक नाही तो महाराजा तळमळतोय. 'रिपोर्ट उद्या मिळेल' एवढं ऐकल्यावर तुमचंआमचं याहून वेगळं काय होतं?

मग विदुराला बोलावणं जातं. विदुर आधी झोप कोणाकोणाला येत नाही याची यादी सांगतो. बलवानाशी वैर पडलेला दुबळा, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर. यांपैकी आपल्याला काही झालेलं नाही ना? दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवून तर आपण तळमळत नाही ना? अगदी फॅमिली डॉक्टरने 'बाहेरचं काही खाल्लं का' विचारावं तसं! निदान अचूक होतं. पुढे आठ अध्याय उपदेश झाला. राजाला तो पटलाही. फक्त दुर्योधन समोर आला की माझं मन फिरतं, असं तो शेवटी म्हणाला. औषध आठ अध्यायांचं, गुण शून्य.

झोप न येणाऱ्याला उपदेश करायची परंपरा तेव्हापासून अखंड चालू आहे. आम्हाला आजवर जायफळाचं दूध, काशाच्या वाटीने तळपायाला तूप, शंभरापासून उलटे आकडे आणि 'विचारच करू नका' असे इलाज सांगून झाले आहेत. शेवटचा सांगणारे गृहस्थ स्वतः उशीला डोकं टेकताच घोरतात. त्यांना विचार न करण्याचा दांडगा अनुभव.

आमचा विचार फार साध्या जागेवरून निघतो. नळ ठिबकतोय. म्हणजे पाइप गळत असणार. म्हणजे भिंतीत ओल. ओलीने भिंत खचणार, खालच्या मजल्यावरचे दावा लावणार, दाव्यात घर जाणार, आणि उतारवयात आम्ही दोघं मेहुण्याच्या पडवीत ट्रंकेवर बसलेले. नळ ते ट्रंक हा प्रवास दीड मिनिटाचा. शेजारी आमची ही शांत झोपलेली असते; आपण मेहुण्याकडे मुक्कामाला आलो आहोत, याची तिला कल्पनाही नसते.

अशा रात्रींना इतिहासाचा आधार कितपत आहे, हे आम्ही एकदा तारखा मांडून पाहिलं.

फेब्रुवारी १९६२. आठ ग्रह मकर राशीत जमणार, जगबुडी होणार, म्हणून देशभर होमहवनं झाली. आमच्या आळीतल्या एकांनी जग बुडणार म्हणून त्या महिन्याचं भाडं रोखून धरलं होतं. जग बुडणार हे घरमालकालाही मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की भाडं त्याआधी द्यावं. ग्रह जमले, पांगले. भाडं द्यावं लागलं.

पुढे ११ जुलै १९७९. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची स्कायलॅब कुणाच्या तरी डोक्यावर पडणार होती. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असताना ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडली. तिथल्या एस्परन्स गावच्या नगरपालिकेने कचरा केल्याबद्दल अमेरिकेला चारशे डॉलर दंड ठोठावला. आपण मात्र आभाळाकडे बघून बघून माना अवघडून घेतल्या. बरोबर एक महिन्याने, ११ ऑगस्टला, गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि मोरबी शहरात हजारांवर माणसं दगावली. त्या धरणासाठी कुणी मान वर केली नव्हती.

तारखांचा खेळ असा, की स्कायलॅब पडली त्याच्या अठरा वर्षं आधी, ११ जुलै १९६१ च्या रात्री, बहुतेक पुणं निवांत झोपलं होतं. तिकडे पानशेतचं नवं धरण खचत होतं. त्या रात्री लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही. पण ते फुटलं १२ जुलैच्या सकाळी. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तरी माणसांना पळायला उजेड होता. तेच पाणी अंधारात आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार पुणेकर आजही पुरता करीत नाहीत.

म्हणजे जागरणं दोन प्रकारची. एक हाताचं आणि एक डोक्याचं. जवानांचं हाताचं होतं. त्याने शहराला काही तास मिळाले. धृतराष्ट्राचं डोक्याचं. त्याची भीती तर शंभर टक्के खरी होती! पण दिवसा मुलाला आवरायचं काम त्याने केलं नाही, आणि रात्री जागून ते होण्यासारखं नव्हतं. आपण काळजी करीत जागतो तेव्हा पहारा देतोय असं वाटतं. प्रत्यक्षात पोतं एकही हलत नाही.

थॉमस बोर्कोवेक नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली यावर एक सरकारी वाटावा असा उपाय मांडला. काळजीला कचेरीची वेळ लावून द्यायची. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. अवेळी आलेल्या काळजीला त्या वेळेवर ढकलायचं, आणि त्या अर्ध्या तासात तिचं काय करता येईल ते बघायचं.

आमची कचेरी संध्याकाळी सहा ते साडेसहा, गॅलरीतल्या खुर्चीवर. वहीत दोन रकाने. 'हात' आणि 'डोकं'. नळ 'हात'मध्ये गेला. प्लंबर आला, वायसर बदलून गेला. मेहुण्याची पडवी दिवसाउजेडी आलीच नाही. तिला लाज वाटली असावी. हिच्या छातीत मध्यंतरी दुखायचं, तेही 'हात'मध्ये लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेलो. रिपोर्ट उद्या मिळेल म्हणाले. त्या रात्री बोर्कोवेकसाहेबांचा उपयोग झाला नाही, हे खरं. पण निघाली ती रोज सकाळची एक गोळी. 'डोकं' रकान्यात ठेवून वर्षभर जागलो असतो, तर काय निघालं असतं कोण जाणे.

बाकीच्या काळज्या अजूनही अडीचला येतातच. त्यांना घड्याळ कळत नाही. पण आता त्यांना काय सांगायचं ते आम्हाला ठाऊक आहे. उत्तर संजयाचंच आहे. फक्त त्याच्या 'उद्या सांगतो'ने राजाची झोप उडाली. आम्ही 'उद्या ऐकतो' म्हणतो आणि कूस बदलतो. चारपैकी तीन जणी मुकाट्याने निघून जातात. चौथी बसून राहते, आणि बहुधा तिचंच नाव सकाळी 'हात'मध्ये लिहावं लागतं.